रिमोट कुणाच्या खणात?

मार्चचं लाइट बिल आलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. 'वीज बचत, आपली सर्वांची जबाबदारी' असं वर ठळक अक्षरात, खाली सूचना. जेवायला उठताना मॉनिटर बंद करा, पॅसेजमधले दिवे एकाआड एक लावा, मोबाइल ऑफिसात चार्ज करू नका. आणि शेवटची सूचना, 'अनावश्यक उपकरणे त्वरित हटवण्यात येतील.' अनावश्यक म्हणजे काय ते त्यात नव्हतं. संध्याकाळी घरी निघाले तेव्हा कळलं. गेटवरच्या केबिनमधला टेबल फॅन गेला होता. केबिन पत्र्याची, तोंड पश्चिमेला, आत माणूस बसला की गुडघे समोरच्या फळीला टेकतात एवढी. वॉचमन काका बाहेर भिंतीच्या सावलीत उभे होते आणि डोक्यावरची टोपी काढून तिनेच वारा घेत होते. विचारलं तर म्हणाले, "वरून माणूस आला, घेऊन गेला. लोड वाढतो म्हणे." आणि हसले.

ते हसणं मला तीन हात नाक्यापर्यंत पुरलं.

बिल माझ्याच टेबलावरून पुढे जातं, मी अकाउंट्सला आहे. त्यामुळे हिशोब डोक्यात आपोआप सुरू झाला. तसला टेबल फॅन साधारण 50 वॅटचा. बारा तासांची पाळी धरली तर दिवसाला अर्ध्या युनिटहून जरासं जास्त. दीड टनाचा एसी जोरात चालत असला की तेवढी वीज अर्ध्या तासाच्या आत गिळतो. आणि आमच्या कॉन्फरन्स रूममधला एसी त्या दिवशी दुपारभर 18 वर चालू होता, आत माणूस नाही, टेबलावर सकाळच्या मीटिंगच्या पाण्याच्या बाटल्या, त्यांच्यावर दव धरलेलं. हे मी अॅडमिनच्या साहेबांना सांगितलं, आवाज खाली ठेवून, कागदावर आकडे मांडून. त्यांनी कागद पाहिला, परत केला आणि म्हणाले, "मॅडम, मुद्दा युनिटचा नाही. शिस्तीचा आहे." त्यावर काय बोलणार? युनिटचं मोजमाप मला येतं, शिस्तीचं कुठे मीटर असतं.

आमचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, जुन्या औद्योगिक गाळ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. डोक्यावर थेट स्लॅब, त्यावर थेट ऊन. इथल्या बऱ्याच कारखान्यांचे भोंगे कधीच बंद झाले, गाळ्यांची ऑफिसं झाली, आणि ऑफिस झालं की आधी दोन गोष्टी होतात: खाली फॉल्स सीलिंग बसतं आणि खिडक्या कायमच्या बंद होतात. आमच्या लोखंडी चौकटीच्या उंच खिडक्या अजून आहेत, पण प्लायवूडच्या मागे, कडेने सिलिकॉन भरलेल्या. छताचे हूकसुद्धा सीलिंगच्या वर असतीलच. पंखे काढले तेव्हा भंगारवाल्याने वजनावर नेले. तेव्हा कुणाला चुकचुकल्यासारखंही वाटलं नाही. उलट सगळे खूश. मीही. मार्चच्या पहिल्या सोमवारी स्टेशनवरून शेअर रिक्षात तिघांत चौथी होऊन, ओढणीला घामाचे डाग घेऊन आत शिरलं की त्या थंड झोताने जे काही वाटतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. दारात दोन मिनिटं सगळेच थबकतात. कुणी कुणाला गुड मॉर्निंगसुद्धा म्हणत नाही.

पण अकरा वाजले की ऑफिसचा नकाशा बदलतो. झोताखाली बसणाऱ्यांच्या खांद्यावर शाली येतात. आमच्या रांगेतल्या एकीने खुर्चीच्या पाठीला स्वेटर कायमचा अडकवून ठेवलाय, हाताने विणलेला, मोरपंखी. भर उन्हाळ्यात, ठाण्यात, स्वेटर! बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि आत ती दोन्ही हात बाह्यांमध्ये ओढून जीएसटीचं रिटर्न भरतेय. खिडकीकडच्या रांगेत मात्र उलटं. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तिथली मुलं शर्टाची वरची बटणं उघडून बसतात आणि रिमोटसाठी आरडाओरडा करतात. रिमोट असतो अॅडमिनच्या खणात. खणाला किल्ली आहे.

कोणत्या तापमानाला माणसाला बरं वाटतं, याचं गणित डेन्मार्कच्या फँगर नावाच्या प्राध्यापकांनी साठच्या दशकात मांडलं आणि जगभरच्या ऑफिसांचे एसी पुढे त्या गणितावर बेतले गेले. त्यात शरीर किती उष्णता निर्माण करतं याचा जो आकडा वापरला जात होता, तो 40 वर्षांच्या, 70 किलो वजनाच्या पुरुषाचा. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात दाखवून दिलं की बायकांच्या बाबतीत तो आकडा बराच जास्त पडतो. हे वाचलं तेव्हा मला त्या मोरपंखी स्वेटरची आठवण आली आणि हसूही आलं. आमच्या सीलिंगमधून येणारा गारठा कुणा अनोळखी चाळिशीच्या गृहस्थांच्या मापाने शिवलेला. वर ते गृहस्थ बहुधा कोट घालून बसत असणार.

माझे बाबा ठाण्यातच सरकारी कचेरीत कारकून होते. शाळेला सुट्टी लागली की कधीतरी त्यांचा डबा द्यायला मी जायची. उंच छत, लांब दांडीचे पंखे, आणि पंख्याखालच्या प्रत्येक कागदावर काचेचा गोल पेपरवेट, आत रंगीत फुलं अडकलेली. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ. शिपाई सकाळी आल्या आल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायचा आणि ऊन अंगावर यायला लागलं की त्या बाजूच्या झडपा लावून घ्यायचा, कुणी सांगावं लागत नसे. कचेरी अर्धवट अंधारात काम करायची. ऐकायला छान वाटतं. पण बाबा घरी येऊन पहिल्यांदा बनियन पिळायचे, शब्दशः. कॉलरच्या आत घडी घालून ठेवलेला रुमाल आई वेगळ्या बादलीत भिजवायची. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी ते कपडे धुतलेले नसतात. मला त्या कचेरीत परत जायचं नाही. फक्त तो शिपाई मात्र आठवत राहतो, ज्याला ऊन कधी कुठून येतं ते ठाऊक होतं आणि खिडकीला हात लावायला कुणाची सही लागत नव्हती.

मग माझी पहिली नोकरी, भारनियमनाच्या दिवसांतली. 2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वेगळी झाली, तो काळ. नाव बदललं तरी दिवे जायचे ते जायचेच. ऑफिसात एक इन्व्हर्टर होता. त्यावर कॉम्प्युटर आणि एकच उभा पंखा. तो कुणाकडे तोंड करून ठेवायचा यावरून पहिले काही दिवस धुसफूस झाली. साहेबांनी आधी आपल्याकडे वळवला होता. मग आमच्या तिथल्या कॅशियरबाईंनी, ज्यांना कुणीच काही बोलू शकत नसे, उठून मागची कळ दाबली आणि पंखा फिरता केला. झालं. दर वेळी मान वळली की आपल्या वाट्याला चार सेकंदांचा वारा, मग लेजरचं पान फडफडे, मग पुढच्याचं. त्या पंख्याची वाट बघताना मी बेरजा केल्यात. घामाचे थेंब व्हाउचरवर पडून शाई फुटायची. तरी त्या वाऱ्याबद्दल कुणाची कुरकूर नव्हती, कारण तो पुढे कुणाकडे जाणार ते सगळ्यांना दिसत होतं.

ठाण्याच्या उन्हाळ्याची एक गंमत बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडे नागपूरचा एक मुलगा रुजू झाला तेव्हा त्याला हे सगळं नाटक वाटायचं. "35 डिग्रीला तुम्ही लोक मरता? आमच्याकडे 45 ला लग्नं लागतात." त्याने स्वतःच्या पैशाने एक छोटा डेझर्ट कूलर आणला, आत पाणी भरलं, वाळ्याच्या जाळीचा सुगंध दरवळला, आणि दुपारपर्यंत त्याच्या टेबलावरचे कागद पापडासारखे मऊ पडले. नागपूरच्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते, म्हणून कूलर गार करतो. खाडीकाठची हवा आधीच ओली. तिच्यात आणखी पाणी मावतंय कुठे! अंगावरचा घामही त्याच कारणाने वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून इथे पारा चाळिशीच्या आत असला तरी माणूस कोसळू शकतो. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावर भर दुपारच्या पुरस्कार सोहळ्यात उन्हाने माणसं दगावली, त्या दिवशीही पारा चाळिशीपर्यंत पोचलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस लोक 'उष्माघात' हा शब्द जपून उच्चारत. नागपूरकराचा कूलर आता त्याच्या आईकडे परत गेलाय.

म्हणजे एसी हवाच, निदान आमच्या सीलबंद गाळ्यात तरी. प्रश्न कितीवर, हा. ऊर्जा दक्षता ब्युरोने 1 जानेवारी 2020 पासून स्टार रेटिंगचे रूम एसी सुरू केल्यावर आपोआप 24 वरच लागतील असं बंधनकारक केलंय. ब्युरोचंच म्हणणं आहे की तापमान एक डिग्रीने वर ठेवलं तर साधारण 6 टक्के वीज वाचते. पण 24 वर लागलेला एसी 18 वर न्यायला अंगठ्याला चार सेकंदही लागत नाहीत. आणि 18 केल्याने खोली लवकर गार होते हा समज इतका पक्का आहे की मी वाद घालणं सोडून दिलंय. सर्व्हिसला येणारा मेकॅनिक, कळव्याचा, वर्षातून दोनदा येतो, तो शिडीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. "18 काय, 16 करा. कॉम्प्रेसर त्याच्याच चालीने चालणार. फक्त थांबायचं कधी ते त्याला कळणार नाही." मग त्याने फिल्टर खेचून काढला. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम चालतं, त्याचा भुगा हवेत असतो. फिल्टरवर करडी गोधडी बसली होती, बोटाने सोलून काढता येईल अशी जाड. त्याने ती बाथरूममध्ये नळाखाली धरली. पाणी आधी काळं, मग तपकिरी, मग बऱ्याच वेळाने पांढरं आलं. मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर मी दर शुक्रवारी करीन की. कुणी कधी सांगितलंच नाही."

आता त्या करतात. परिपत्रकात ही सूचना नव्हती.

बिलातही अशीच एक ओळ असते जिच्याकडे कुणी बघत नाही. युनिट किती जळली हे सगळे विचारतात. मागणी आकार कुणी विचारत नाही. आमच्यासारख्या 20 किलोवॅटच्या वरच्या व्यापारी जोडणीला तो केव्हीएवर, म्हणजे एका वेळी किती लोड ओढला त्या मापावर, लागतो. महिन्याभरात ज्या थोड्या वेळात सगळ्यात जास्त लोड एकदम ओढला गेला, ती चढाई मीटर लक्षात ठेवतो आणि तिच्यावरही पैसे लागतात. सासूने एकदाच झालेली चूक महिनाभर बोलून दाखवावी तसं. आमची चढाई कधी होत असणार हे ओळखायला मीटर लागत नाही: सोमवारी सकाळी दहा. रविवारभर बंद खोका वरून तापलेला, आत कोंडलेली हवा, आणि शिपाई येऊन एका दमात आठही एसी 18 वर लावतो. मी त्याला म्हटलं, सोमवारी जरा आधी ये, पुढचं-मागचं शटर उघड, कोंडलेली हवा जाऊ दे, मग दोन-दोन करून लाव, आणि 25 वर. तो म्हणाला, "ताई, लेट गार झालं तर शिव्या मला पडतात." खरं होतं. म्हणून आधी शिव्या कोण देतं त्यांच्याशी बोलावं लागलं, आणि ते काम मीटर वाचण्याहून कितीतरी अवघड निघालं.

त्या निमित्ताने खालच्या मजल्यावरच्या प्रेसमध्ये गेले, त्यांचं बिल कसं येतं विचारायला. छपाईचं मशीन काचेच्या खोलीत, आत मस्त गारवा. बाहेर बाइंडिंगला बसलेल्या बायका, छापून घडी घातलेल्या फर्म्यांच्या ढोपराएवढ्या उंच थप्प्या, वर एक जुना पंखा, तोही हळू, कारण जोरात लावला तर कागद उडतात. मालक म्हणाले, आतला एसी मशीनसाठी आहे, ओलाव्याने कागद फुगतो आणि रंगावर रंग बसत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. विलिस कॅरियरने 1902 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती नेमकी याच तक्रारीवर. पहिला एसी कागदासाठी आला. माणसांचा नंबर नंतर लागला. बाइंडिंगच्या बायकांचा अजून लागायचाय. एकीने मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतःच्या पदराने आधी ते पुसलं. माझ्या अंगावर तेव्हा वरच्या ऑफिसातली शाल होती. काढून हातात घेतली, तर ती कुठे ठेवावी कळेना.

कधी ऐरोलीला एका क्लायंटकडे जावं लागतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना त्या काचेच्या इमारती उन्हात लखलखतात, रिक्षावाला डोळे बारीक करतो. आत गेलं की काचेला आतून पडदे ओढलेले, कारण ऊन येतं. पडदे ओढल्यामुळे अंधार, म्हणून भर दुपारी दिवे लावलेले. हे बघून पहिल्यांदा वाटलं की आपलंच काहीतरी समजण्यात चुकतंय. नाही. उजेडासाठी काच, उन्हासाठी पडदा, पडद्यासाठी दिवा, दिव्याच्या आणि काचेच्या उष्णतेसाठी एसी. बाबांच्या कचेरीतल्या शिपायाला तिथे एक तास उभं करायला हवं होतं.

जपानमध्ये 2005 पासून उन्हाळ्यात सरकारी ऑफिसांनी खोलीचं तापमान 28 वर ठेवायचं आणि लोकांनी कोट-टाय घरी ठेवायचे अशी मोहीम आहे, खुद्द पंतप्रधान कोइझुमी टाय सोडून वावरले. आमच्याकडे 28 हा आकडा उच्चारला असता तर माझा टेबल फॅन झाला असता. म्हणून मी 26 म्हटलं, आणि भिंतीवरचे पंखे मागितले. अंगावरून वारा फिरत असला की 26 ला गारच वाटतं, आणि नव्या धाटणीचा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, छताचा पंखा जुन्या 75 वॅटच्या जागी 30 वॅटच्या आसपास घेतो. भिंतीवरचे थोडे जास्त घेतात, तरी एसीपुढे किस झाडकी पत्ती. पंखे आले, चार. फिरते. मोरपंखी स्वेटर एप्रिलअखेर घरी गेला. पश्चिमेच्या मुलांना मात्र 26 पटलेलं नाही, ते 24 वर अडून आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यांच्या पाठीमागची भिंत हात लावला तर चटका देते. तिला बाहेरून पांढरा रंग द्यावा असं ठरलंय. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये अजून 20 आहे. तो विषय कुणी काढला नाही, मीही नाही. रिमोट आता खणात नसतो, खांबाला दोरीने बांधलेला असतो. गेटवरचा टेबल फॅनही एका सकाळी परत आला, एका पात्याला टवका उडालेला. काढण्याचं परिपत्रक निघालं होतं. परतीचं निघालं नाही.

एक गोष्ट लोंबकळत राहिलीय. आमच्या आठही एसींची आउटडोअर युनिटं इमारतीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, आणि त्यांच्या बरोबर खाली चहाची टपरी. आम्ही आतून जी उष्णता बाहेर काढतो ती, वर कॉम्प्रेसरने स्वतःची भर घालून, त्या टपरीवर ओततो. दुपारी तिथे उभं राहिलं की पंख्यांची घरघर आणि मानेवर भाजका वारा. स्टोव्हची आच वेगळी. युनिटं गच्चीवर न्यावीत असा अर्ज मी टाईप करून दिला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, तांब्याचा पाइप नव्याने टाकावा लागेल, खर्च वाढेल. गच्चीला असोसिएशनची परवानगी लागेल. मग अॅडमिनच्या साहेबांनी स्वतः खाली जाऊन टपरीवाल्या मामांना विचारलं की तुम्हाला याचा त्रास होतो का. मामांनी गाळणं झटकलं, वर बघितलं आणि म्हणाले, "उन्हाळ्याचं काय, उन्हाळा जातोच की साहेब. पावसात माझे टॉवेल तिथेच वाळतात." साहेब वर आले आणि माझ्या अर्जावर शेरा मारला: 'संबंधितांची हरकत नाही.'